नीती गावागावाची वेगळी असते काय?

गेल्या माघात एका गावी सप्ताह होता. सहाव्या रात्रीची सेवा आमच्याकडे होती. कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी पाया पडून घरोघर गेली. मंडपात आम्ही, विणेकरी आणि एक तरुण एवढेच उरलो. तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो म्हणाला. थोडा घुटमळला, मग जवळ येऊन बसला.

“बुवा, एक विचारू का? रागावणार नसाल तर.”

“विचार की बाळ. रागवायचं वय गेलं आमचं.”

“तुम्ही आज सांगितलंत की कोणाला छळू नये, खोटं बोलू नये, हा धर्म सगळ्या जगाला सारखाच. पण आम्ही पोरांना शिकवतो ते निराळं. एका समाजात मामाची मुलगी करतात, दुसऱ्यात ती बहीण. एकाला गाय वर्ज्य, दुसऱ्याला डुक्कर. कुठं एकच बायको, कुठं चार. ज्याची त्याची नीती ज्याच्या त्याच्या समाजात खरी. बाहेरच्याने तिला बरीवाईट म्हणायला मोजपट्टी आणायची कुठून? जी आणाल ती तुमच्याच गावची असणार.”

आम्ही कीर्तनकार. हजरजबाब हे आमचे भांडवल. आम्ही म्हटले, “बाळ, तुझ्या खिशातलं पाकीट आत्ता मी काढून घेतलं, आणि म्हटलं की आमच्या गावी अशीच रीत आहे, तर चालेल का?”

विणेकरी खो खो हसले. तोही हसला, नमस्कार करून गेला. परंतु आम्हांस त्या रात्री झोप लागली नाही. कारण आमचे उत्तर टाळ्यांचे होते, त्याच्या प्रश्नाचे नव्हते. चोरी करावी असे कोणत्या गावाने म्हटले आहे? तो काही ‘कोणीही काहीही करावे’ असे म्हणत नव्हता. तो म्हणत होता की गाव जे एकमुखाने मानते, त्यावर बाहेरच्याने बोट ठेवायचे ते कशाच्या बळावर. याला पाकिटाचा दाखला लागू पडत नाही. पोर नम्र होते म्हणून हसले.

बरे, हा प्रश्न कॉलेजातून आला म्हणून नवा आहे असेही नव्हे. पाठशाळेत असताना आम्हांस बौधायनाचे धर्मसूत्र थोडे शिकविले होते. त्याच्या आरंभीच हा वाद आहे. बौधायन सांगतो की पाच बाबतींत दक्षिणेकडच्यांचे आणि उत्तरेकडच्यांचे जमत नाही. दक्षिणेचे लोक मुंज न झालेल्याबरोबर जेवतात, बायकोबरोबर जेवतात, शिळे खातात, मामाची मुलगी करतात, आत्याची मुलगी करतात. उत्तरेचे लोक लोकर विकतात, मद्य पितात, वरखाली दोन्हीकडे दात असलेल्या जनावरांचा व्यापार करतात, शस्त्रांवर पोट भरतात आणि समुद्रावर जातात. मग तो म्हणतो, इकडची गोष्ट तिकडे केली तर दोष, आपापल्या देशी तो देशच प्रमाण. आमच्या प्राध्यापकाचे म्हणणे ते हेच! आणि लागलीच पुढे येते की गौतमाच्या मते हे खोटे आहे, शिष्टांच्या परंपरेच्या विरुद्ध असेल ते दोन्हीकडचे टाकावे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच पोथीत, एकाच पानावर, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष समोरासमोर बसलेले आहेत.

मामाच्या मुलीवरून तर पुढे केवढे रण माजले. कुमारिल भट्टांनी तंत्रवार्तिकात दाक्षिणात्यांची या बाबतीत थट्टा केली आहे. उलट पराशरस्मृतीवर भाष्य लिहिणारे माधवाचार्य दक्षिणेचे, त्यांनी या विवाहाची बाजू उचलून धरली. आमच्या वाचकांपैकी कितीतरी जणांच्या घरी मामाचीच मुलगी सून म्हणून सुखाने नांदत असेल. त्यांनी भिण्याचे कारण नाही, माधवाचार्य त्यांच्या पाठीशी आहेत.

ही यादी वाचताना आम्ही विद्यार्थी एका जागी हसलो. बायकोबरोबर जेवणे हा दोष! गुरुजी म्हणाले, “हसू नका. तुमच्याही पाच गोष्टींना कोणी तरी हसणार आहे.” ते वाक्य तेव्हा कानावरून गेले.

शास्त्री लोक या वादाचा निकाल एका युक्तीने लावतात. ती युक्ती चांगली आहे. धर्म दोन प्रकारचा, साधारण आणि विशेष. विशेष धर्म देश, काळ, कुल, आश्रम यांप्रमाणे बदलतो. साधारण धर्म सर्वांना एक. याज्ञवल्क्याने त्याची नऊ अंगे सांगितली आहेत: अहिंसा, सत्य, चोरी न करणे, शुचिता, इंद्रियनिग्रह, दान, मनाचा दम, दया आणि क्षमा. मनूनेही अशीच लहान यादी दिली आहे. आम्ही कित्येक वर्षे कीर्तनात हेच सांगत आलो, आणि श्रोत्यांचे समाधान होत असे. परंतु त्या रात्री आम्हांस आमचेच समाधान करता येईना. ज्या पोथीत ‘दया सर्वांना’ असे लिहिले, त्याच पोथीत अमक्याने गावाबाहेर राहावे, अमक्याच्या कानी वेद पडू नये, हेही लिहिले आहे. साधारण धर्माची थैली भरलेली, पण विशेष धर्माने तिला खालून भोक पाडलेले. मग त्या थैलीचा उपयोग काय?

आता एक प्रवासातली गोष्ट सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांमागे जगन्नाथपुरीस गेलो होतो. नेमकी एकादशी आली. आम्ही निरंकार राहण्याच्या विचारात, तो पंड्याने महाप्रसादाचा भात पुढे केला. आम्ही हात मागे घेतला. तो म्हणाला, “इथं एकादशीला उलटी टांगून ठेवली आहे. महाप्रसादाला नाही म्हणता येत नाही.” आम्ही वारकरी, माळकरी! एकादशीला भात म्हणजे काय, हे पंढरीच्या कोणत्याही पोराला विचारावे. अखेर तो भात मस्तकी लावला, उपरण्यात बांधून ठेवला आणि द्वादशीस पारण्याला घेतला. पंड्या हसला, पण रागावला नाही.

मग संध्याकाळी आनंदबाजारात जाऊन बसलो. तेथे मडक्यांतला महाप्रसाद विकतात. जो तो एकाच मडक्यातून हात घालून खातो आहे, कोणाची जात कोणी विचारीत नाही, उष्टे मानीत नाही. (देवळाच्या दारात परधर्मीयांना मज्जाव आहे, हेही सांगितले पाहिजे. एका ठिकाणी सगळेच चांगले असते असे नाही.) आम्ही पाहत राहिलो. त्यांची एकादशी सैल आणि पंगत एक. आणि आमची?

दोन्ही क्षेत्रे पांडुरंगाचीच. दोघांच्या रीती उलट्या. तरी एकादशीच्या त्या भाताने आमचे त्यांच्याशी वैर झाले नाही. का? तर उपास करणारे पोट आमचे स्वतःचे होते. त्यांनी जेवावे, आम्ही राहावे, त्यात तिसऱ्याच्या ताटातले काही जात नव्हते. अशा बाबतीत तो प्राध्यापक शंभर टक्के खरा. देश हेच प्रमाण.

हिरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने इराणच्या दरायस राजाची एक कथा लिहून ठेवली आहे. राजाने आपल्या दरबारातल्या ग्रीकांना विचारले, काय घेऊन तुम्ही आपल्या मेलेल्या बापाचे शरीर खाल? ते म्हणाले, कशानेही नाही. मग राजाने हिंदुस्थानातले म्हणून सांगितलेले कॅलाटिया नावाचे लोक बोलावले. त्यांच्यात बापाचे प्रेत खाण्याची चाल होती. त्यांस विचारले, काय घेऊन तुम्ही ते जाळाल? ते ओरडले, असे अभद्र बोलू नका! हिरोडोटस यावरून म्हणतो, रूढी ही सर्वांची राजा. कथा ऐकून अंगावर काटा येतो खरा, पण जरा थांबून पाहिले तर जाळणारा आणि खाणारा दोघेही एकच गोष्ट करीत आहेत. बापाची हेळसांड होऊ द्यायची नाही. मेलेल्या बापाला टाकून द्या असे दोघांपैकी कोणीच म्हणाले नाही. रीत दोन, तिच्या पोटातली आच एक.

येथपर्यंत सोपे आहे. आता जे अवघड आहे ते सांगतो, आणि ते आमचेच आहे.

चाळीस वर्षे तरी झाली असतील. आम्ही नव्याने कीर्तने करू लागलो होतो. एका गावी सप्ताहाची सांगता, काल्याचे कीर्तन आमचे. काला म्हणजे काय ते वाचकांस सांगणे नको. भगवंताने गोपाळांच्या शिदोऱ्या सोडायला लावल्या. कोणाची भाकर, कोणाची आंबील, कोणाचे ताक, सगळे एकत्र केले आणि एकेकाच्या मुखात घातले. देवसुद्धा या उष्ट्यासाठी यमुनेत मासे होऊन आले. कथा रंगली. आम्ही तरुण, आवाज चढा, लोकांच्या डोळ्यांना पाणी आले. दहीहंडी फुटली, मग महाप्रसादाच्या पंगती बसल्या. आमचे पान देवळाच्या ओट्यावर मांडलेले. आणि पलीकडे, गोठ्याच्या अंगाला, लिंबाखाली एक वेगळी पंगत होती. वाढपी तिकडे वरून वाढीत होते.

जेवण उरकून हात धुवायला उतरलो, तो त्या पंगतीतला एक म्हातारा पुढे आला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. हात जोडून म्हणाला, “महाराज, काला लई गोड झाला. एक इचारतो. त्या काल्यात आमची शिदोरी घातली व्हती का?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. खरेच विचारीत होता. आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, “गावची रीत असते, बाबा. आम्ही पडलो परगावचे.”

तो “बराय महाराज” म्हणाला आणि वाकून पाया पडला. पायाला हात मात्र लावला नाही, जमिनीला लावला.

माघातल्या त्या रात्री झोप का आली नाही ते आता वाचकांच्या ध्यानी येईल. प्राध्यापकाने जे विचारले ते आम्ही पूर्वीच केले होते. ‘ज्याची त्याची नीती, बाहेरच्याने बोलू नये.’ त्याच्या तोंडी तो विद्येचा सिद्धांत होता, आमच्या तोंडी ती पळवाट होती. खरे तर त्या दिवशी आम्ही बोललो असतो तर फार तर पुढच्या वर्षीचे कीर्तन गेले असते, नारळ-उपरण्याचा मान गेला असता. आम्ही गावच्या रीतीचा आदर केला नाही. आम्ही आमचे पान सांभाळले.

या गोष्टीवर विचार करता करता एक भेद आम्हांस दिसू लागला. एक रीत अशी की जी पाळणाराच्या अंगावर पडते. एकादशी, चातुर्मास, माळ, वारी. पाय आमचे पोळतात, भूक आमची. दुसरी रीत अशी की पाळतो एक आणि ती पडते दुसऱ्याच्या अंगावर. ओट्यावर जेवणारास वेगळ्या पंगतीचा काय त्रास? तो म्हणतो, ‘आमची रीत.’ पण त्या रीतीचा भार लिंबाखाली बसलेला आहे. पहिल्या रीतीबद्दल देश प्रमाण, कुल प्रमाण, काय वाटेल ते प्रमाण. दुसरीला ‘आमची’ म्हणण्याचा अधिकार ओट्यावरच्याला कोणी दिला?

आणि ‘गावाची नीती’ म्हणतो तेव्हा गाव म्हणजे कोण? तो म्हाताराही त्याच गावचा होता. सात पिढ्यांचा असेल. त्याला विचारून रीत पडली नव्हती. चोखोबा मंगळवेढ्याचे, पण पंढरीच्या देवाचे. शके १२६०, म्हणजे सन १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करीत असता भिंत पडून गेले. नामदेवरायांनी अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली, दाराच्या बाहेर. त्यांची सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांनी अभंग केले. कर्ममेळ्याने तर देवालाच जाब विचारला आहे. म्हणजे चौदाव्या शतकातल्या पंढरीच्या समाजात ‘दार बंद असावे’ म्हणणारे होते, तसे ‘हे कसले दार’ म्हणणारेही होते. दोघेही त्याच वाळवंटातले, दोघेही मराठी बोलणारे. मग पंढरीची नीती कोणती, दारामागची की दारापुढची? बाहेरून मोजपट्टी आणायला लागलीच नाही. ती पायरीपाशी पडलेली होती, सहाशे वर्षे कोणी उचलली नाही इतकेच.

हे सगळे आम्ही त्या प्राध्यापकास सांगितले, कारण चैत्रात तो पुन्हा भेटला. आमच्या काल्याची गोष्ट ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने एक माहिती सांगितली, ती येथे नोंदण्यासारखी आहे. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. तेव्हा अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संस्थेने एक निवेदन दिले, की नीतीची मूल्ये ज्या त्या संस्कृतीची असतात, एकीची मापे सगळ्यांवर लादू नका. हेतू वाईट नव्हता. गोऱ्या राष्ट्रांनी ‘तुम्ही रानटी, आम्ही सुधारलेले’ म्हणत अर्धे जग तुडवले होते, त्या उद्दामपणाला ते उत्तर होते. ही बाजू आम्हांस पटते. आपल्या देवधर्मास हसणारे परके आपण पुष्कळ पाहिले. त्याच संस्थेने पुढे १९९९ साली मात्र मानवी हक्कांच्या बाजूने जाहीर भूमिका घेतली, असेही त्याने सांगितले.

आम्ही म्हटले, “साल कोणतं म्हणालास? सत्तेचाळीस? मग त्याच साली इकडे काय चाललं होतं ते ऐक.” १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले. विठ्ठलाचे दार हरिजनांस उघडावे म्हणून. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर हिंडून लोकांना विनवीत होते. १० मे रोजी उपोषण सुटले आणि दार उघडण्याची वाट मोकळी झाली. गुरुजी काही परदेशातून आले नव्हते. मठ वारकऱ्याचा होता. आणि विरोध करणारांतही आमच्या संप्रदायातली मंडळी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. ते विरोधक काय म्हणत होते? हेच, की क्षेत्राची रीत आहे, बाहेरच्यांनी ढवळू नये. अमेरिकेतल्या विद्वानांचा तो कागद त्यांच्या हाती पडता, तर त्यांनी तो महाद्वारावर लावला असता. ज्यांचा उद्दामपणा मोडायला कागद लिहिला, त्यांच्याऐवजी चोखोबाच्या समाधीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर तो आदळला असता.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांनी आमची भक्तीची वाट पुरेशी मानली नाही, १९५६ साली ते दुसऱ्या वाटेने गेले. त्या अर्पणपत्रिकेकडे पाहून वारकऱ्याने मान उंच करावी की खाली घालावी, आम्हांस अजून ठरवता आलेले नाही.

प्राध्यापक हुशार. तो म्हणाला, “बुवा, तुमचा भेद मान्य. पण जिच्या अंगावर रीत पडते, तीच जर म्हणाली की मला ही रीत हवी, तर?”

हे खरे कोडे आहे, आणि आम्ही ते टाळणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. त्या गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, हे आमच्या गावी बंद. सरकारनेही मग इतर गावांनी तसे करावे असे परिपत्रक काढले. पाहा, गावचीच रीत, गावानेच मोडली, कोणा परक्याने नव्हे. ही बातमी आम्ही आमच्या आत्याबाईंना वाचून दाखवली. त्या नव्वदीला टेकलेल्या, पस्तिसाव्या वर्षी वैधव्य आले. आम्ही विचारले, “आत्या, लावता का कुंकू? आम्ही आणून देतो.”

“नको रे बाबा. आता कपाळ विसरलं.”

आम्हांस वाटले, झाले, प्राध्यापकाची बाजू खरी. जिच्यावर रीत पडली तीच ती सोडायला तयार नाही. पण थोड्या वेळाने त्या आपणहून म्हणाल्या, “नातसुनेवर मात्र कधी असली पाळी आली, देव न करो, तर तिच्या हातातल्या बांगड्यांना कोणाला हात लावू देऊ नका. माझा जीव तिथं असला तर मी काठी घेऊन उभी राहीन.”

आपल्यापुरती जी रीत त्यांनी पन्नास-पंचावन्न वर्षे पाळली, ती लेकीसुनेच्या अंगावर टाकायला त्या तयार नव्हत्या. पाळणे निराळे आणि पुढे देण्याजोगे मानणे निराळे. एखादी रीत खरोखर कोणाची आहे हे पाहायचे तर तिला भोगलेल्या माणसाला ‘तुझं कसं’ एवढे विचारून भागत नाही, ‘तुझ्या पोरीला देशील का’ हेही विचारावे लागते. आमचा उपास आम्ही नातवाला आनंदाने देतो. वारी देतो, माळ देतो. तो म्हातारा लिंबाखालची पंगत आपल्या नातवाला आनंदाने देता काय?

गुरुजींच्या त्या वाक्याची मात्र भीती बसली आहे. आपल्याही पाच गोष्टींना कोणी तरी हसणार. हसण्यावारी गेले तर बरे, कोणी रडत असेल तर? म्हणून यंदा आषाढीच्या वाटेवर आम्ही आमच्याच दिंडीकडे जरा निरखून पाहिले. पहाटे तीनला उठून चूल पेटवणाऱ्या बाया. त्याही आमच्याइतकेच मैल चालतात, मुक्कामावर आम्ही पाय चेपून घेत पडतो तेव्हा त्या कणीक मळतात, आणि सगळ्या पंगती उठल्यावर, बहुधा हरिपाठ सुरू झाल्यावर, जेवायला बसतात. हरिपाठ त्यांचा बुडतो. एवढी वर्षे आम्हांस ते दिसले नव्हते. वाखरीच्या मुक्कामी आम्ही त्यांतल्या एकीस म्हटले, “माउली, आज तुम्ही आधी बसा, आम्ही वाढतो.”

ती पदराने घाम पुसत म्हणाली, “राहू द्या बुवा, तुमचं आधी होऊ द्या. आमची सवयच हाय ती.”

मग जरा थांबून तिने शेजारणीकडे पाहिले, आणि म्हणाली, “पर उद्याला खरंच वाढनार असाल, तर सांगा. पोरीला हरिपाठाला बसवीन म्हन्ते.”